‘कोड दाखवत नाही’ म्हणजे दोष नाही, असं नव्हे

वाचकाचं पत्र

मी सांखळीला राहते. माहेर बेळगावचं, त्यामुळे चोर्ला घाटातून जाणं-येणं नेहमीचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही नवी गाडी घेतली. या पावसाळ्यात चालवता चालवता स्टिअरिंग एकाएकी इतकं जड होतं की दोन्ही हातांनी ओढावं लागतं. असं दोन-तीनदा झालं. एकदा तर घाटातल्या वळणावर, आणि बाजूला लेक बसलेली. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. शोरूममध्ये स्कॅनर लावला, ‘मॅडम, कोड काहीच दाखवत नाही’ म्हणाले आणि गाडी धुऊन परत दिली. आरटीओत विचारलं तर साहेब म्हणाले, हा आमचा विषय नव्हे. आमच्या यजमानांचं म्हणणं, एका गाडीच्या तक्रारीसाठी दिल्लीहून कोण येणार आहे, विकून मोकळे होऊ. सरकार अशा तक्रारींची खरंच चौकशी करतं का? करत असेल तर कशी? मी काय करू?

— एक वाचक, सांखळी

उत्तर

ताई, चौकशीचं सविस्तर सांगते, पण आधी तुमच्या जिवाचं. कारण सापडेपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नका. बेळगावला जायचंच असेल तर बस आहे, कुणाची दुसरी गाडी आहे. गावातल्या गावात चालवताना पुन्हा तसं झालं तर घाबरून हात सोडू नका. आजकालच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते. ती मदत गेली तरी स्टिअरिंग आणि चाकं यांची जोडणी शाबूत असते, म्हणून गाडी वळते, फक्त जोर फार लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, वेग उतरवायचा, इंडिकेटर देऊन कडेला घ्यायचं. चालत्या गाडीत चावी फिरवून इंजिन बंद करायचं नाही.

आता शोरूमच्या उत्तराबद्दल. हे उत्तर ऐकून परत आलेल्या माणसांचा मला फार कळवळा येतो, कारण त्या एका वाक्याने माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो. कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने केलेली बिघाडाची नोंद, आणि स्कॅनर जे नोंदलं गेलं तेवढंच वाचतो. दोष येऊन-जाऊन असेल, एखाद्या कनेक्टरमध्ये ओल शिरत असेल, बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर पडत असेल, किंवा मध्ये कुणी बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली असेल, तर शोरूममध्ये कोरड्या फरशीवर उभ्या गाडीत काही दिसेलच असं नाही. कोड नाही याचा अर्थ त्या वेळी नोंद सापडली नाही, इतकाच.

आरटीओचे साहेब मात्र चुकीचं बोलले नाहीत. आपल्या वाहतूक खात्याकडे नोंदणी, लायसन्स, फिटनेस असली कामं. एखाद्या मॉडेलच्या बनावटीतच दोष आहे का, हे पाहण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम ११०-ए आलं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. त्याआधी भारतात हे सगळं कंपन्यांच्या मर्जीवर होतं. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वतःहून एक आचारसंहिता केली होती, तेवढीच.

या कलमाप्रमाणे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय होऊ शकेल असा दोष एखाद्या प्रकारच्या गाड्यांत आहे असं दिसलं, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलावायला, म्हणजे रिकॉल करायला लावू शकतं. मग कंपनीने दोष दुरुस्त करायचा, नाहीतर गाडी बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत करायचे. नियमांत दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल केला तर तो दंड लागत नाही. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, तुमची आहे. सॉफ्टवेअरमधला दोषही यात धरतात, हे लक्षात ठेवा, कारण स्टिअरिंगची मोटरही संगणकच चालवतो.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सरकारला हा दोष तीन वाटांनी कळू शकतो: ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या तर, एखाद्या चाचणी संस्थेने कळवलं तर, किंवा ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’. मालकांच्या तक्रारींचं प्रमाण गाडीचा प्रकार आणि वर्षाची विक्री पाहून ठरतं. म्हणजे इथे तक्रारी अक्षरशः मोजल्या जातात. मला हा उंबरठा जास्त वाटतो, जिवाशी खेळणाऱ्या दोषासाठी इतक्या सह्या कशाला लागाव्यात? पण आज नियम असा आहे, आणि घरात बोलून सोडून दिलेली तक्रार त्या मोजणीत येत नाही. पुरेसं कारण दिसलं की कंपनीला नोटीस जाते, उत्तर मागवतात आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तपासणी करून घेता येते.

चौकशी करणारे नेमकं काय बघतात, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून चांगलं कळतं, कारण तिथे हे काम १९६६ च्या कायद्यापासून चालू आहे आणि बरंचसं उघड्यावर होतं. तिथल्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनात, ज्याला ‘निट्सा’ म्हणतात, दोषांच्या तपासाचं वेगळं कार्यालय आहे. मालक फोनवर किंवा ऑनलाइन तक्रार देतो, ती वाचली जाते आणि मालकाची ओळख झाकून सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली जाते. किती तक्रारी आल्या म्हणजे चौकशी, असा ठरावीक आकडा तिथे नाही. दोष किती वेळा येतोय आणि आला तर किती वाईट होऊ शकतं, या दोन गोष्टी एकत्र तोलतात. काच वर न जाण्याच्या शंभर तक्रारींपेक्षा स्टिअरिंगच्या पाच तक्रारी भारी ठरू शकतात. एका घरात कुणाला ताप आला तर तो नुसता ताप, पण वाड्यावरच्या पाच घरांत आला की आरोग्य खातं विहिरीचं पाणी तपासायला येतं. तक्रारी वाचणारे हाच वाडा शोधत असतात.

नमुना दिसला की प्राथमिक चौकशी उघडते. तेव्हा कंपनीला पत्र जातं आणि त्यात जे मागतात ते वाचण्यासारखं असतं: या दोषाच्या तुमच्याकडे किती तक्रारी आल्या, वॉरंटीत हा भाग किती गाड्यांना बदलून दिला, अपघात किती, कोर्टात दावे किती, आणि या भागाच्या रचनेत मधल्या काळात काही बदल केलात का, केला असेल तर कधी व कशासाठी. शेवटचा प्रश्न सगळ्यांत बोचरा. कंपनीने गुपचूप भाग बदलला असेल तर तिला दोष आधीच ठाऊक होता, हे तिथे उघडं पडतं. त्याच तऱ्हेच्या दुसऱ्या गाड्यांशी तुलनाही करतात. शंका टिकली तर पुढची पायरी अभियांत्रिकी तपासाची. त्यात प्रत्यक्ष गाड्या बघायच्या, मालकांकडून काढलेले भाग मिळवायचे, ओहायोतल्या केंद्रात चाचण्या घ्यायच्या. सरकारने हुकूम काढेपर्यंत क्वचितच वेळ येते, बहुतेक कंपन्या त्याआधीच रिकॉल जाहीर करतात.

तुमच्यासारखाच दोष तिथे गाजला होता. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंड गाड्यांत विजेच्या स्टिअरिंगची मदत चालता चालता जायची. मालकांच्या तक्रारी साठत गेल्या, २०१० च्या सुरुवातीला सरकारने चौकशी उघडली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या.

पण याच कोबाल्टची दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती तुमच्या जास्त कामाची आहे. तिच्या चावीच्या स्विचमध्ये दोष होता. धक्का बसला किंवा किल्ल्यांचा जुडगा जड असला की स्विच आपोआप सरकायचा, इंजिन बंद पडायचं, त्यामुळे स्टिअरिंग जड व्हायचं, आणि आपटल्यावर एअरबॅगही उघडायच्या नाहीत. तक्रारी येत होत्या. कुणी लिहिलं इंजिन बंद पडलं, कुणाच्या अपघातात एअरबॅग उघडली नाही. २००७ मध्ये निट्सात चौकशीचा प्रस्ताव आला होता, पण आकड्यांत ठळक कल दिसत नाही म्हणून तो सोडून दिला. रिकॉल व्हायला २०१४ उजाडलं. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. तपास यंत्रणा हुशार माणसांची असूनही दुवा जुळला नाही. इंजिन आधी बंद पडलं की नाही, दिवे कुठले लागले, हे तपशील म्हणूनच इतके मोलाचे असतात.

तेव्हा तुमची तक्रार नीट लिहू या. तुम्ही ‘दोन-तीनदा’ लिहिलंत. दोन की तीन, हे आठवून काढा. यजमानांना विचारा, फोनमधले फोटो बघा, त्या दिवशी बेळगावला कशासाठी गेला होता त्यावरून तारीख सापडेल. रागाच्या भरात माणसं लिहितात, ‘कंपनीने फसवलं, गाडी डबडी आहे, जिवावर बेतलं, कडक कारवाई व्हावी.’ राग रास्त आहे, पण यातून इंजिनिअरला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं काहीतरी लिहा (तपशील अर्थात तुमचे घाला):

‘२ जुलै, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, चोर्ला घाट उतरून केरीकडे येताना. दुसरा गिअर, वेग ताशी ३० किमीच्या आसपास. जोराचा पाऊस, वायपर, हेडलाइट, एसी चालू. डाव्या वळणात स्टिअरिंग एकदम जड झालं. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला. इंजिन चालूच होतं, ब्रेक नेहमीसारखे लागले. कडेला थांबून इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिवा गेला. मीटरवर २३,४१० किमी. अपघात नाही, कुणाला इजा नाही. बाहेरून बसवलेली वस्तू: रिव्हर्स कॅमेरा.’

यातला एकही शब्द भरतीचा नाही. वायपर, दिवे, एसी एकत्र चालू म्हणजे विजेवर भार होता. इंजिन चालू होतं म्हणजे स्विचची नव्हे, स्टिअरिंगची बाजू आधी तपासायची. बाहेरच्या कॅमेऱ्याचं आपणच सांगून टाकलेलं बरं. ते लपवलं तर कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

पाऊस लिहायला तर विसरूच नका. गोव्यातल्या माणसाला दमट हवा, खारा वारा, भरून वाहणारे रस्ते सांगण्याजोगे वाटत नाहीत, पण तपासात हवामान हा मोठा धागा असतो. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण त्यावरच उलगडलं. आतलं रसायन वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत राहून बिघडायचं आणि एअरबॅग फुगताना तिचा धातूचा डबा फुटून तुकडे माणसाच्या अंगावर यायचे. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगचे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे हे डबे, रिकॉलमध्ये आले आणि फ्लोरिडासारख्या दमट भागांतल्या गाड्यांना आधी घेतलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने विजेच्या एका भागासाठी १,८१,७५४ गाड्या परत बोलावल्या तेव्हा भाग बदलून होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असं मालकांना सांगितलं होतं. त्यामुळे तुमच्या स्टिअरिंगचा पावसाशी संबंध असेल किंवा नसेलही, ठरवणाऱ्याला ते कळू द्या.

ही तक्रार तीन ठिकाणी गेली पाहिजे. पहिली शोरूममध्ये. पुढच्या वेळी जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. त्यांनी ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं तर तेही कागदावरच असू द्या आणि प्रत घ्या. तुमची बाजू मुख्यतः याच कागदावर उभी राहणार आहे, आणि वॉरंटी संपायच्या आतली तारीख त्यावर असली तर फारच बरं. दुसरी तक्रार थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने, चॅसिस नंबरसह. चौकशी झाली तर कंपनीकडे आलेल्या तक्रारीच आधी मागतात, हे वर पाहिलंत. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस नंबर टाकून आधीच रिकॉल निघालाय का, तेही त्याच वेळी बघा. पुष्कळदा निघालेला असतो आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं.

तिसरी तक्रार केंद्र सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर, तिथे वाहन रिकॉलसाठी वेगळा विभाग आहे. ती गाडीच्या मालकाच्या नावाने करायची. आरसी यजमानांच्या नावावर असेल तर त्यांनाच बसवा आरसी आणि मोबाइल घेऊन. दिल्लीहून कोण येणार विचारतात ना, तर तक्रार दिल्लीला पाठवायचं काम त्यांच्याच हातून होऊ दे.

ओळखीत हेच मॉडेल कुणाकडे असेल तर विचारा. डिचोली, म्हापशाकडे रेंट-अ-कॅबवाले असतील तर त्यांना नक्की विचारा, त्यांच्या गाड्या एका मोसमात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पळतात. दोष सापडला तर प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या तारखांसह लिहावं. एकाचंच लिखाण दहा जणांनी चिकटवलं तर त्याचं वजन जातं. आणि ‘आमची तर मस्त चाललीय’ असं कुणी म्हटलं म्हणून खचू नका. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ मोटरसायकली परत बोलावल्या, तेव्हा कंपनीचाच अंदाज होता की १० टक्क्यांहून कमी गाड्यांत भाग बदलावा लागेल. दोष असाच कुठे दिसतो, कुठे दिसत नाही.

आपलं सरकार हलतं का, तर हलतं. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या तेव्हा रस्ते वाहतूक मंत्रालयाने डीआरडीओच्या आग व स्फोट सुरक्षेच्या प्रयोगशाळेला तपासाला लावलं. एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ स्कूटर परत घेतल्या, आणि बॅटरीचे कडक निकष डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. तिथे आग कॅमेऱ्यात दिसत होती. स्टिअरिंग जड झाल्याचं चित्र कुणाला दिसत नाही, ते लेखी तक्रारींतूनच दिसावं लागतं.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. ही चौकशी तुमची गाडी दुरुस्त करून देण्यासाठी नसते. ती त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांसाठी असते आणि वेळ घेते. स्वतःच्या दुरुस्तीसाठी, भरपाईसाठी ग्राहक कायद्याची वाट वेगळी आणि एकाच वेळी धरता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे जमलं नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती हातची घालवू नका. शोरूमने भाग बदलून दिला तर जुन्या भागाचा, त्यावरच्या नंबरसकट, फोटो काढा आणि तो भाग भंगारात टाकू नका असं लेखी सांगा. तपासात तोच लागतो.

राहिलं विकण्याचं. यजमानांची काळजी मला समजते, दारात अशी गाडी नको वाटणारच. पण दोष तसाच ठेवून गप्प विकलीत तर चोर्ल्याच्या त्याच वळणावर उद्या दुसऱ्या कुणाची लेक बाजूला बसलेली असेल, आणि त्या माणसाला तर दिवा का लागला हेही ठाऊक नसेल. आधी तिन्ही तक्रारी करा, दुरुस्तीची संधी द्या. मग विकायचीच ठरली तर जॉब कार्डांच्या प्रती आणि पोर्टलवरचा तक्रार क्रमांक आरसीबरोबर घेणाऱ्याच्या हातात द्या, आणि त्यांनी ते वाचलं अशी सही घ्या. किंमत थोडी कमी येईल, ती येऊ द्या.